साहेबांशी बोलताना मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवलं, तर गुन्हा होतो का?

तलाठी कार्यालय असो, बँक मॅनेजरची केबिन असो की पोलीस ठाणं. समोरच्याला न सांगता केलेलं रेकॉर्डिंग कुठवर चालतं, कुठे अंगलट येतं आणि बहुतेक क्लिप न्यायालयात का टिकत नाहीत?

मार्च २०१८ मधली गोष्ट. वर्धा शहरातल्या पोलीस ठाण्यात शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक नागरिक पोहोचला होता. बोलणी सुरू असताना त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू असल्याचं पोलिसांच्या लक्षात आलं. गुन्हा दाखल झाला तो त्याच्यावरच, आणि तोही साधासुधा नाही. कलम लागलं शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधलं, म्हणजे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टचं. ब्रिटिशांनी हेरांना आवर घालण्यासाठी केलेला हा कायदा आहे. त्यात काही बाबतींत १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजाऱ्याच्या भांडणात ठाण्यात गेलेला माणूस कागदोपत्री एकदम हेरांच्या रांगेत जाऊन बसला.

त्यातून सुटायला त्याला चार वर्षं लागली. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मिनेझिस यांनी, हा गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं हे या कायद्याच्या अर्थाने 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

वर्धा नदीच्या अलीकडे राहणाऱ्या यवतमाळकरांसाठी हा निकाल शेजारच्या जिल्ह्यातली बातमी एवढाच नाही. यवतमाळ जिल्हाही याच नागपूर खंडपीठाच्या अखत्यारीत येतो. उद्या वणी, पुसद किंवा दारव्ह्याच्या ठाण्यात कुणी फोन सुरू ठेवला आणि त्याच्यावर हेच कलम लावलं, तर वकिलाच्या हातात पहिला कागद हाच निकाल असेल.

पोलीस ठाणं आणि दारूगोळा डेपो

शासकीय गुपिते कायद्याच्या कलम २(८) मध्ये प्रतिबंधित ठिकाणांची व्याख्या दिली आहे. संरक्षण दलांचे तळ, शस्त्रागारं, दारूगोळ्याची कोठारं, सरकारने खास अधिसूचना काढून जाहीर केलेल्या जागा अशी ती यादी आहे. नागपूर खंडपीठाचं म्हणणं असं की ही यादी पूर्ण आहे. तिच्यात आपल्या सोयीने आणखी ठिकाणं घुसवता येत नाहीत. थोडक्यात, वर्धा जिल्ह्यातच पुलगावला लष्कराचा मोठा दारूगोळा डेपो आहे, तिथे मोबाइल काढून चित्रीकरण करणं गंभीर गुन्हा ठरू शकतो. त्याच जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात तसं नाही.

तरीही पोलिसांची ती सवय गेली नाही. त्याच २०२२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डी पोलीस ठाण्यात झालेलं बोलणं रेकॉर्ड केल्यावरून दोन भावांवर हाच कायदा लावण्यात आला. घरात घुसून मारहाण झाल्याच्या तक्रारीची पोलिसांनी नीट दखल घेतली नाही, असं त्या कुटुंबाचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने वर्ध्याच्या निकालासारखीच भूमिका घेतली आणि या कायद्याखालची कारवाई रद्द ठरवली.

यातला एक विरोधाभास कुणाच्याही लक्षात यावा असा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, ते आवाजासह चित्रीकरण करणारे हवेत आणि ते फुटेज १८ महिने, किमान एक वर्ष तरी, जपून ठेवायला हवं. म्हणजे ठाण्यातलं बोलणं रेकॉर्ड व्हावं अशी सर्वोच्च न्यायालयाचीच इच्छा आहे. सरकारी कॅमेऱ्याने टिपलं तर नियमपालन आणि नागरिकाच्या मोबाइलने टिपलं तर गुपितभंग, हा हिशेब जुळत नाही.

मग 'परवानगी आहे' असं कुठे लिहिलंय?

कुठेच नाही. भारतात 'स्वतःचं संभाषण गुपचूप रेकॉर्ड करायला परवानगी आहे' असं सांगणारा एकही कायदा नाही. पण ते करायला मनाई करणारा कायदाही नाही. मधली जागा न्यायालयांनी भरून काढली, आणि त्यातली पायाभूत दोन प्रकरणं मुंबईची आहेत.

पहिलं प्रकरण युसुफअल्ली इस्माईल नगरी यांचं. मुंबई महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ केल्याचा आरोप होता. खोलीत मायक्रोफोन लपवून बोलणं टेपवर घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितलं की माइक लपवलेला होता म्हणून पुरावा बाद होत नाही. एखाद्याच्या नकळत काढलेला फोटो जसा, तशीच ही टेप. पण त्याच वेळी न्यायालयाने एक कानपिचकीही दिली. टेप पुसता येते, पुन्हा वापरता येते, त्यामुळे असा पुरावा सावधपणे घ्यायला हवा. ही टेप सीलबंद करून ठेवली नव्हती, याचीही नोंद निकालात आहे.

दुसरं प्रकरण अधिक गाजलं: आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मलकानी हे तेव्हा मुंबईचे कॉरोनर होते, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची न्यायिक चौकशी करणारे अधिकारी. १९६४ मध्ये एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. चौकशीत डॉक्टरवर ठपका येऊ नये यासाठी त्यांनी पैसे मागितल्याचा आरोप होता. सुरुवात २० हजार रुपयांपासून झाली होती. त्या काळातले २० हजार! मध्यस्थी करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी त्यांच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि डॉक्टरांनी पोलिसांसमोर कॉरोनरशी बोलणं केलं.

मलकानी यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दोन मुद्दे लावून धरले. फोनला यंत्र जोडून बोलणं ऐकणं हा टेलिग्राफ कायद्याचा भंग आहे, आणि असा पुरावा वापरल्याने घटनेच्या कलम २१ खालील हक्क डावलला जातो. सप्टेंबर १९७२ मध्ये न्यायालयाने दोन्ही फेटाळले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने आणि माहितीने रेकॉर्डिंग झालं असेल, तर त्यात कुणाच्या लाइनमध्ये चोरून शिरणं होत नाही. निरपराध नागरिकाचं फोनवरचं बोलणं न्यायालयं जपतील. पण कायद्याला हरताळ फासणाऱ्याला त्या संरक्षणाच्या आड लपता येणार नाही, असा निकालाचा रोख होता.

आजही तलाठ्याशी, ठाणेदाराशी, आमदाराशी किंवा साखर कारखान्याच्या संचालकाशी झालेलं स्वतःचं बोलणं टिपणारा माणूस ५० वर्षांहून जुन्या या निकालाच्याच आधारावर उभा असतो. कसोटी अशी: त्या संभाषणात तुम्ही स्वतः आहात का? असाल, तर समोरच्याची परवानगी नसली तरी रेकॉर्डिंग हा एवढ्यानेच गुन्हा होत नाही. समोरचा कितीही मोठ्या पदावर असो.

सगळ्या जगात असं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सर्वांची संमती लागते. जर्मनीत तर दुसऱ्याचं खासगी बोलणं त्याला न सांगता रेकॉर्ड करणं हाच फौजदारी गुन्हा आहे. 'धिस कॉल इज नाउ बीइंग रेकॉर्डेड' ही मोबाइलमधली बाई त्यामुळेच बोलायला लागते. गुगलने मे २०२२ पासून कॉल रेकॉर्डिंगच्या बाहेरच्या ॲपवर बंधनं आणली आणि ॲपलने २०२४ मध्ये आयफोनवर दिलेल्या सोयीतही ही घोषणा ठेवली. ही कंपन्यांनी जगभरातले कायदे लक्षात घेऊन केलेली तजवीज आहे. भारतीय कायद्याने ती घोषणा सक्तीची केलेली नाही.

दुसऱ्यांचं बोलणं टिपलं, तर मात्र

तुम्ही ज्या संभाषणात नाही ते चोरून ऐकणं किंवा टिपणं ही वेगळीच गोष्ट आहे. बायकोच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून तिचे कॉल मिळवणं, सरपंचाच्या फोनवर कुणाकरवी 'नजर' ठेवणं, हे सरळ गुन्ह्याकडे जातं. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदा पद्धतीने संदेश मध्येच पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सरकारलाही फोन टॅप करायचा तर कायद्यात दिलेलं कारण आणि गृहसचिव पातळीवरचा लेखी आदेश लागतो. १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल प्रकरणात ही चौकट घालून दिली.

विदर्भाला हा विषय नवा नाही. काँग्रेसचे नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला होता की 'अमजद खान' अशा खोट्या नावाने आपला फोन टॅप झाला. बच्चू कडू यांचाही फोन टॅप झाल्याचं त्याच प्रकरणात पुढे आलं. ज्येष्ठ आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि पुढे त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक फरक इथे ठळक दिसतो. लोकांच्या बोलण्यात 'रेकॉर्डिंग' आणि 'टॅपिंग' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कायद्यासाठी ते दोन टोकांचे आहेत.

या दोन टोकांच्या मधे एक धूसर पट्टा आहे. ८ मार्च २०२२ रोजी तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात विशेष सरकारी वकील प्रवीण चव्हाण यांच्या कार्यालयातलं १२५ तासांचं छुपं चित्रीकरण असल्याचं त्यांनी सांगितलं. चित्रफितींत छेडछाड झाल्याचा दावा चव्हाण यांनी केला. त्यातल्या राजकारणाहून कायद्याच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न वेगळा आहे. कॅमेरा ठेवणारा माणूस जर खोलीत नसेल, संभाषणात नसेल, तर मलकानी निकालाची ढाल त्याला मिळते का? फोनलाइन वापरलेली नाही, त्यामुळे टॅपिंगचं कलमही थेट लागत नाही. पुरावा म्हणून अशी फीत न्यायालय पाहू शकेल, पण ती बनवणाऱ्याला खासगीपणाच्या हक्काला उत्तर द्यावं लागेल. केबिनमध्ये खिशात फोन सुरू ठेवून बसणं आणि केबिनमध्ये फोन 'विसरून' बाहेर येणं, यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं करू नये.

समोरच्याच्या खासगीपणाचं काय?

या विषयावरचा सर्वांत दमदार आक्षेप हाच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर काही उच्च न्यायालयांनी चोरून केलेली रेकॉर्डिंग नाकारलीही. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पतीने पत्नीचं केलेलं फोन रेकॉर्डिंग खासगीपणाचा भंग ठरवलं होतं.

पण १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात पारडं दुसऱ्या बाजूला झुकवलं. पती-पत्नीमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून पाहता येईल, असं न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी म्हटलं. हा निकाल घटस्फोटाच्या खटल्यातला आहे, लाचखोर अधिकाऱ्याबद्दलचा नाही. तरी नवरा-बायकोच्या बोलण्याला जे संरक्षण मिळालं नाही, ते सरकारी खुर्चीत बसून जनतेशी बोलणाऱ्याला मिळेल, असं म्हणणं कठीण आहे. खासगीपणा माणसाला असतो. कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन कामाबद्दल बोलणाऱ्या पदाला तो तितकाच असतो का, हा प्रश्न नागरिकाने विचारायलाच हवा. केबिनच्या दाराआड साहेबांच्या बाजूने शिपाई, कारकून आणि शिक्का असतो. बाहेर आल्यावर 'असं मी बोललोच नाही' म्हणायला त्यांना काही लागत नाही. आत गेलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने असलाच तर हातातला फोन असतो.

रेकॉर्ड केलं, आता ग्रुपवर टाकू?

इथे बहुतेक लोक चुकतात. रेकॉर्ड करणं आणि पसरवणं या कायद्याच्या नजरेत दोन स्वतंत्र कृती आहेत. पहिलीला मलकानी निकालाचा आधार आहे, दुसरीला नाही.

यवतमाळ जिल्ह्याने याचं सर्वांत मोठं उदाहरण जवळून पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका तरुणीच्या पुण्यातल्या मृत्यूनंतर काही ऑडिओ क्लिप समाजमाध्यमांवर फिरल्या. त्यातला एक आवाज दिग्रसचे आमदार आणि तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड यांचा असल्याचा दावा विरोधकांनी केला. राठोड यांनी आरोप फेटाळले, पण २८ फेब्रुवारीला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा मंत्रिमंडळात परतले. या सगळ्यात कमी चर्चा झालेली गोष्ट म्हणजे मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात झालेली सुनावणी. मुलीच्या वडिलांनीच न्यायालयात धाव घेतली होती आणि त्या क्लिपमधलं संभाषण प्रसिद्ध करायला न्यायालयाने माध्यमांना मनाई केली. क्लिपने मंत्र्याचं पद हलवलं. पण त्यात ज्यांचा काही दोष नव्हता अशा घराची अब्रूही त्याच क्लिपबरोबर मोबाइल-मोबाइलवर फिरली.

क्लिप पसरवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद होऊ शकते. 'मी खरं तेच टाकलं' एवढं म्हणून भागत नाही. ते टाकणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. 'पैसे द्या, नाहीतर व्हायरल करतो' असं म्हटलं तर कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा होतो आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साहेबाने लाच मागितली हे खरं असलं, तरी ती धमकी गुन्हाच राहते.

'सरकारी कामात अडथळा' हे कलम पोलिसांच्या हाताशी नेहमी असतं. मात्र कलम १३२ (जुनं ३५३) लागायला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. गप्प बसून खिशातला फोन सुरू ठेवणं यात ते कुठेच बसत नाही. हुज्जत घालत, तोंडासमोर मोबाइल नाचवत चित्रीकरण केलं, धक्काबुक्की झाली, की पोलिसांना हवी ती फट मिळते. आणि न्यायालयाच्या दालनात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग अजिबात नको. तिथे अवमानाची कारवाई होऊ शकते.

क्लिप न्यायालयात का पडते?

साठच्या दशकात टेप सीलबंद नव्हती हा प्रश्न होता. आज टेप नाही, पण प्रश्न तोच आहे: ही फाइल तीच कशावरून?

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये राम सिंग प्रकरणात ज्या कसोट्या सांगितल्या त्या आजही लागू पडतात. आवाज कुणाचा ते ओळखू यायला हवं, रेकॉर्डिंगमध्ये काटछाट झालेली नाही हे दाखवता यायला हवं, ती सुरक्षित ताब्यात राहिलेली असावी, बोलणं खटल्याशी संबंधित हवं आणि स्पष्ट ऐकू यायला हवं. आवाज ओळखण्यासाठी संशयिताचा नमुना घेण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, हे २०१९ मध्ये रितेश सिन्हा प्रकरणात ठरलं. ते प्रकरणही पैसे उकळल्याच्या एका फोन संभाषणातूनच सुरू झालं होतं.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग आहेत: भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते.

हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमधला प्रत्येक शून्य आणि एक ठरावीक गणिती प्रक्रियेतून जातो आणि शेवटी एक ठरावीक लांबीचा संच मिळतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलचं नाव बदललं तरी हा अंगठा बदलत नाही. पण सुरुवातीचे दोन सेकंद कापले, आवाज थोडा वाढवला, एमपी-थ्री करून घेतली, की संपूर्ण ६४ च्या ६४ चा संच वेगळा येतो. मूळ आणि बदललेली फाइल यांचं नातं अंगठ्यावरून सांगताच येत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना तो आकाराने लहान केला जातो, म्हणजे तिकडे पोहोचलेला व्हिडिओ हा तांत्रिकदृष्ट्या वेगळीच फाइल असतो. लोक नेमकं हेच करतात: 'महत्त्वाचा तेवढाच भाग' कापतात, ग्रुपवर टाकतात आणि फोनची जागा भरली म्हणून मूळ फाइल उडवतात. तीन मिनिटांत पुराव्याची अफवा होते.

प्रमाणपत्राचं महत्त्व ठरवणारा निकालही आपल्याच राज्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला गेला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. मात्र मूळ उपकरणच, म्हणजे तो फोन किंवा लॅपटॉपच न्यायालयात हजर केला आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही. आणि ज्या अधिकाऱ्याकडून ते मिळायला हवं तोच देत नसेल, तुम्ही शक्य ते सगळं करून पाहिलं असेल, तर त्यापोटी तुमचा पुरावा बाद होणार नाही. नव्या कायद्यानंतरही प्रमाणपत्र जोडलेलंच बरं.

लाच मागितली असेल तर

समजा, फेरफार नोंदीसाठी, मोजणीसाठी किंवा नुकसानीच्या पंचनाम्यात नाव घालण्यासाठी पैसे मागितले आणि ते बोलणं फोनमध्ये आलं. आधी ते ग्रुपवर नाही, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जायला हवं. या विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. यवतमाळचं पथक अमरावती परिक्षेत्रात येतं.

तुमची क्लिप पाहिली म्हणून अधिकारी लगेच सापळा लावत नाहीत. ते स्वतःचा व्हॉइस रेकॉर्डर देऊन पंचासह तुम्हाला पुन्हा त्या कर्मचाऱ्याकडे पाठवतात आणि मागणीची पडताळणी करतात. हे कटकटीचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. लाचेच्या खटल्यात नोटा सापडणं पुरेसं नसतं, मागणी सिद्ध व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येईल. नीट जपलेलं रेकॉर्डिंग अशा वेळी कामाला येतं.

पैसे आधीच देऊन बसला असाल, तर घड्याळ सुरू झालेलं आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच कलम ८ ची सूट मिळते. आठव्या दिवशी पैसे देतानाची स्वतःची क्लिप स्वतःच्याच विरोधात उभी राहू शकते. आधी विभागाला कळवून, त्यांच्या सांगण्यावरून पैसे दिले तर हा प्रश्न येत नाही.

एक सापळा नागरिकानेही टाळावा. समोरच्याने मागितलेलं नसताना 'घ्या ना साहेब, सगळेच घेतात' असं म्हणत त्याला बोलतं करणं. २००३ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री दिलीपसिंह जुदेव यांना पैसे घेताना दाखवणारी चित्रफीत बाहेर आली आणि त्यांना पद सोडावं लागलं. पण त्या कटात सामील असल्याचा आरोप असलेल्यांनी 'आम्ही तर स्टिंग केलं' म्हणून सुटका मागितली तेव्हा २०१४ मध्ये रजत प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. लाच देणाऱ्याचा हेतू काय होता, हे खटल्यातच ठरेल, असं न्यायालय म्हणालं. जे घडतंय ते टिपा. घडवून आणायला जाऊ नका.

विभागाच्या कार्यालयात जाताना ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं तोच फोन सोबत न्यावा. तो तपासासाठी ठेवून घेतला जाण्याची शक्यता असते, तेव्हा नंबर, बँकेचे ओटीपी आणि घरच्यांचे संपर्क यांची सोय आधी करून ठेवावी, आणि फोन ताब्यात दिल्याची पावती, म्हणजे जप्ती पंचनाम्याची प्रत, मागून घ्यावी.